दाढी उतरवलेले आजोबा

नाव: घरी व गल्लीत सगळे 'तडतड्या' म्हणतात, खरे नाव ओळखपत्रावरून उतरवून घेतले आहे. वय: एकवीस वर्षे. धंदा: मामाच्या सलूनमध्ये शिकाऊ. शिक्षण: कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडले. राहणार: चर्चच्या मागची गल्ली, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची खोली.

मी हवालदारसाहेबांसमोर समक्ष हजर राहून, कोणाच्या दबावाखाली न येता सांगतो की,

चर्चच्या मागे जुने गॅरेज आहे. तिथे आम्ही दर शनिवारी रस्त्यावर राहणाऱ्या लोकांना गरम पाण्याने आंघोळ घालतो, केस-दाढी करतो, जखमेला पट्टी करतो व धुतलेले कपडे देतो. त्यांचे अंगावरचे कपडे सोड्याच्या पाण्यात उकळून मागच्या दोरीवर वाळत घालतो. केस-दाढीचे काम माझ्याकडे आहे. पट्ट्या नर्सिंग शिकणारी एक मुलगी करते. मी पहिल्यांदा तिथे गेलो तो तिच्यासाठी, धर्मासाठी नाही. हवालदारसाहेब म्हणाले, "हे लिहायची गरज नाही." मी म्हणालो, खरं सांगायचंय ना, मग लिहा. आता ती सुट्टीवर असली तरी मी जातो.

येणाऱ्याचे नाव-गाव विचारायचे नाही असा आमच्याकडे नियम आहे. तो फादरांनी घातला आहे. चौकशी सुरू झाली की माणसे यायची बंद होतात. फादर म्हणतात, "प्रभू दारात उभा राहिला तर त्याच्याकडे ओळखपत्र मागणार का? आधी टॉवेल द्या."

आज शनिवारी सकाळी एक आजोबा चर्चच्या पायरीवर बसलेले दिसले. छातीपर्यंत दाढी, दाढीत चिखल व पाने, एका पायात चप्पल, दुसऱ्या पायाची टाच फुटलेली. काहीही विचारले की "चला, उशीर झाला" एवढेच म्हणत. आंघोळीला येईनात. सदर मुलीने खाली बसून त्यांच्या टाचेचे रक्त पुसले, तेव्हा ते तिच्या खांद्याला धरून उठले व आत आले.

आंघोळ मी घातली. चिखलाने दाढीचा इतका गुंता झाला होता की कंगवा शिरेना, म्हणून त्यांना विचारून मी ती पूर्ण उतरवली. ते "चला" म्हणाले. दाढी करता करता ते माझ्या तळहातावर गाल ठेवून झोपले. माझ्या हाताला मुंग्या आल्या, पण मी हात काढला नाही. मामा बघत असता तर म्हणाला असता, दाढी करतोस की गिऱ्हाईक झोपवतोस. नंतर त्यांना धुतलेला शर्ट-पँट दिला व बाकावर चहा-पाव देऊन बसवले.

थोड्या वेळाने एक इसम फोटो घेऊन आला. फोटोत कोट, जाड भिंगाचा चष्मा आणि विंचरलेली पांढरीशुभ्र दाढी. म्हणाला, "ह्यांना पाहिलंत का? माझे बाबा. परवापासून घरी नाहीत. विसरतात ते." मी फोटो नीट पाहून नाही म्हणालो. मी खोटे बोललो नाही, मला खरेच ओळख पटली नाही. मुलगी त्या वेळी औषधे आणायला गेली होती. सदर इसम डोके धरून बाकावर टेकला. शेजारी बसलेल्या आजोबांनी सरकून त्याला जागा दिली व आपल्यातला अर्धा पाव पुढे केला. तो म्हणाला, "नको आजोबा, तुम्ही खा," आणि निघून गेला.

दुपारी तो परत आला. समोरच्या चहावाल्याने त्याला सांगितले होते की दाढीवाला म्हातारा आत जाताना पाहिला, बाहेर येताना पाहिला नाही. चहावाल्याचे म्हणणे बरोबरच आहे. त्यात सदर इसमाने दोरीवर तपकिरी स्वेटर पाहिला. तो त्याच्या आईने बाबांसाठी विणलेला होता. त्याने माझी कॉलर धरली व म्हणाला, "काय केलंत बाबांचं? कुठे आहेत ते?" मी त्याचे ऐकून घ्यायला हवे होते. परंतु माझे डोके म्हणजे तापला तवा. मी म्हणालो, "आधी कॉलर सोड," व ढकलले. तो मागच्या साबणाच्या पाण्याच्या टबात बसला. चहावाल्याने पोलिसांना फोन केला.

आवाज ऐकून आजोबा बाहेर आले. टबाकडे बघून म्हणाले, "बंड्या, सगळे कपडे भिजवलेस ना? आई ओरडेल आता."

सदर इसम टबातून उठला नाही. तो म्हणाला, "मी जन्मल्यापासून ह्यांना दाढी आहे." मग आजोबा वाकले तेव्हा त्याने ओला हात त्यांच्या हनुवटीला लावला. हनुवटीला मध्ये खळगा आहे. तसाच खळगा सदर इसमालाही आहे.

मुलगी औषधे घेऊन परत आली होती. ती मला म्हणाली, "तडतड्या, बघत काय बसलास, टॉवेल आण. आजचं शेवटचं गिऱ्हाईक आहे तुझं." मी टॉवेल आणला. सदर इसमाला आमच्यातली कोरडी पँट दिली, ती आखूड झाली. आजोबा त्याला हसले.

माझी कॉलर फाटली आहे. माझी तक्रार नाही. सदर इसमाचीही नाही असे तो म्हणतो. नाव विचारायचे नाही हा नियम फादरांनी कायम ठेवला आहे. मात्र "घरी कोणी वाट बघतंय का" एवढे यापुढे विचारायचे, व ते विचारण्याचे काम माझे, असे ठरले.

हा जबाब हवालदारसाहेबांनी सर्वांसमोर मोठ्याने वाचला. मुलीबद्दलचा मजकूर आला तेव्हा ती बाकावरच होती. ती उठून गेली नाही. आजोबा मुलाचा हात धरून शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकत होते. वाचून झाल्यावर त्यांनी विचारले, "मग ते म्हातारे सापडले का?" मुलगा म्हणाला, "सापडले, बाबा." आजोबा म्हणाले, "बरं झालं." हेही माझ्या सांगण्यावरून लिहून घेतले. सर्व मजकूर मी सांगितला तसाच आहे.