घुसळखांबाचा पलंग

मी मुरबाडकडची. बाप सुतारकाम करायचा, पाठीवर भाऊ नाय, म्हणून मोठ्या करवतीचं दुसरं टोक धरायला मीच. बा ओढायचा, मी ओढायची, असं करता करता हात बसला. बा बोलायचा, गो, जुनं लाकूड घेतलंस तर तीन बाजू रंध, चौथी तशीच ठेव, कुणाच्या तरी घरात उभं राहिलंय ते, त्याची वळख पुसायची नाय. मला वाटायचं, म्हाताऱ्याला रंधा मारायचा कंटाळा हाय.

लग्न होऊन किन्हवलीला आले तर घरात एक ट्रंक नि दोन गोधड्या. हे आसनगावला कंपनीत जायचे, नवीन सामान घ्यायची ऐपत नव्हती. पण तो टाइम असा, जो तो कौलारू घर पाडून स्लॅब टाकीत होता, आणि जुने वासे, खांब, दारं अंगणात भिजत पडायची, चुलीत जायची, चांगलं सागाचं लाकूड चुलीत. मी जाऊन मागायची. सासू बोलली, बाईमाणसानं रंध्याला हात लावू नये. तर हे बोलले, आये, करू दे तिला, तुझ्या कंबरेला बाज मिळंल. मिळाली पण, आणि मग तीच आल्यागेल्याला बाज दाखवायची. कल्याणच्या जुन्या बाजारातल्या मोडक्या टेबलाचं फडताळ केलं, एका दाराची मांडणी केली, त्या मांडणीला कडीचं भोक अजून हाय, त्यातून झुरळं येतात, ते जाऊ द्या.

सांगायचं होतं वनिताचं, माझ्या थोरलीचं. स्थळ मुरबाडच्या पलीकडचं, पोरगा चांगला, तिच्याही मनात भरलेला. लग्नात द्यायला मी पलंग केला. उशाकडचा एक खांब होता तो एका पाडलेल्या घराच्या घुसळखांबाचा, ज्याला रवी बांधून ताक घुसळायचे ना, तो. तीन बाजू रंधल्या, चौथी बापानं सांगितल्यापरमाणं तशीच.

बोलणी करायला विहीणबाई आल्या, मोठ्या करारी. पलंग बघून बोलल्या, नवा घ्या, नायतर बोलणी इथंच थांबवू, कुणाच्या घरचं काय रडं या लाकडाला लागलंय कोण जाणे, माझी सून त्यावर निजायची नाय. वनिता आतल्या दाराशी उभी, तोंड एवढंसं झालेलं. ह्यांनी मान खाली घातली, कारण नवा आणायचा कुठून. मला मात्र राग आला. मी बोलले, बघा तरी हात लावून, मग काय ते ठरवा.

त्या वाकल्या. ही बाजू काळी का ठेवली, आळस का गो, असं बोलत खांबाला हात लावला, आणि हात तिथंच राहिला. दोरी घासून घासून दोन खाचा पडलेल्या तिथं, एक वर, एक खाली. त्यांनी इचारलं, हे घर कुठलं. मी गाव सांगितलं, भावाभावांनी मिळून पाडलं तेही सांगितलं. बाई खांबाजवळच जमिनीवर बसल्या.

मग हळूच बोलल्या, वरची खाच आईची. खालची माझी, माझा हात वर पुरत नव्हता.

त्यांचं माहेर होतं ते. घर पाडताना भावांनी बोलावलं पण नव्हतं. त्या रडल्या, मीपण रडले, आणि लग्न ठरलं.

बापाचे उपकार कसे फेडू मी. रंधा मारला असता चौथ्या बाजूला, तर पोरीचं लग्न मोडलं असतं. आता वनिताला दोन पोरं, घर भरलेलं, देवानं काय कमी केलं नाय. फक्त त्या पलंगावर ती कधी निजलीच नाय. विहीणबाई निजतात, थकल्यात आता, खांबाकडं तोंड करून निजतात. वनिता फोनवर कुरकुरते, आये, पलंग तू माझ्यासाठी केलास आणि मी आपली चटईवर.

मी बोलते, निजू दे गो त्यांना, माहेरी आल्यात त्या.