दीड मीटर, पण कुणाच्या हातातून

…नाही, माझं म्हणणं इतकंच आहे की दीड मीटर म्हणजे कुठून दीड मीटर, हे त्या माहितीपत्रकात कुणीतरी लिहायला नको का? ‘दीड मीटरवरून पडला तरी सुरक्षित.’ मान्य. पण पडला कशावर? फळीवर, खडीवर, की सळईच्या उघड्या टोकावर? सपाट पडला की कोपऱ्यावर? आणि मुख्य म्हणजे कुणाच्या हातातून? कारण तुम्हाला सांगते, माझ्या हातातून सुटलेला टॅब्लेट साधारण एक मीटर दहा सेंटिमीटरवरून पडेल, पण आमचे साइट सुपरवायझर मोहितजी सहा फूट एक इंच आहेत, आणि दिवसातला बराच वेळ दुसऱ्या मजल्याच्या परांचीवर असतात. त्यांच्या बाबतीत दीड मीटर ही पडण्याची सुरुवात झाली, शेवट नव्हे.

मी फक्त विचारलं.

म्हणजे झालं असं, की मी मंजिरी, स्ट्रक्चरलमध्ये एम.टेक. केलं आणि इथे ग्वाल्हेरलाच दिनकररावांच्या बांधकाम कंपनीत लागले, सहा महिन्यांच्या उमेदवारीवर. बिर्ला नगरात मुलींचं वसतिगृह बांधतोय आम्ही, तीन मजली. तिथलं प्रत्येक माप रजिस्टरात, आणि त्या रजिस्टरावर चहाचे गोल, घामाचे थेंब, एका पानावर तर अख्खी माशी, आकडा सात आहे की माशीचा पाय हे भिंगातून ठरवावं लागतं. म्हणून मी सुचवलं, की साइटवर चालणारा दणकट टॅब्लेट घ्यावा. दिनकररावांनी चष्मा कपाळावर चढवला, म्हणाले, “मंजिरी, पन्नास वर्षं आमची कामं रजिस्टरवर उभी राहिली, एकही इमारत पडली नाही. तरी तू म्हणतेस तर बघू. निवड तूच करायची. आठ दिवस वापरून बघ आणि शनिवारी स्लॅब झाला की लेखी शिफारस माझ्या टेबलावर. बरोबर निघाली तर पुढची साइट तुझी. चुकली तर पुन्हा रजिस्टर, आणि तू ऑफिसात बसून नकाशांच्या घड्या घाल.”

घड्या! सहा वर्षं शिकून!

तर गेले पाटणकर बाजारात. दुकानदार हेमेंद्र, माणूस अतिशय उत्साही. म्हणाला, “मैडम, इसके ऊपर से ट्रैक्टर निकाल दो, कुछ नहीं होगा.” आता मला सांगा, अशा विधानावर मनात प्रश्न येणारच ना? मी विचारलं, ट्रॅक्टर रिकामा की भरलेला? ट्रॉलीसकट की नुसता? चाक पुढचं की मागचं, कारण दोन्हींवरचा भार सारखा नसतो. त्याने उलट मलाच विचारलं, “मैडम, आपने किया क्या है?” मी म्हटलं, एम.टेक. “तभी,” म्हणाला.

मी फक्त विचारलं.

शेवटी त्याने दोन टॅब्लेट आठ दिवस वापरायला दिले. एक बारीक, देखणा, वर रबरी कवच चढवलेला. दुसरा जाडजूड, चारी कोपऱ्यांना नारिंगी गुडघे असल्यासारखा, वजन सव्वा किलो. सव्वा किलो हे दुकानात काहीच वाटत नाही हो, पण मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांत, गळ्यात पट्टा अडकवून तीन तास स्लॅबवर फिरा, म्हणजे मानेला दशांशसुद्धा समजतात.

देखणा पहिल्याच दुपारी गेला. गेला म्हणजे मोडला नाही, त्याने लेखी कळवलं : ‘तापमान जास्त आहे. उपकरण थंड होऊ द्या.’ आम्ही सगळे त्याच उन्हात उभे, मिस्त्री उभे, बायका घमेली वाहतायत, आणि हा एकटा सावली मागतोय. मोहितजी म्हणाले, “मंजिरी जी, ये तो दामाद निकला.” जावयाला पाठवलं सिमेंटच्या खोलीत, पंख्याखाली.

राहिला जाड्या. त्याच्या पडद्यावर उन्हातही आकडे दिसत होते, सिमेंटने माखलेल्या हातमोज्यांनीही तो ऐकत होता. मग मी, केवळ कुतूहलापोटी, विचारलं, पाण्याचं काय? पाण्याचा मारा कितपत सोसेल? हा प्रश्न मी स्वतःला विचारला होता. मोहितजींनी भिंतींवर पाणी मारायचा पाइप वळवला, टॅब्लेटवर. टॅब्लेट माझ्या गळ्यात होता. चाचणी उत्तीर्ण, टॅब्लेटची. मी घरी जाऊन कपडे बदलून आले.

मी फक्त विचारलं!

शुक्रवारी तो परांचीवरून पडलाही. सरळ खडीवर, कोपऱ्यावर. एक ओरखडा, बाकी जसाच्या तसा. त्या संध्याकाळी मी शिफारशीचा मसुदा लिहिला, ‘माझ्या नम्र मते’ इथपर्यंत पोचलेसुद्धा.

आणि उजाडला शनिवार. दुपारी दोनला काँक्रीटची पहिली गाडी येणार. त्याआधी सळयांमधली अंतरं मोजायची, फोटो काढायचे, कारण लोखंड काँक्रीटच्या पोटात गेलं की मग कितीही विचारा, ते उत्तर देत नाही. साडेबारापर्यंत त्रेसष्ट मापं, त्रेसष्ट फोटो, सगळं जाड्यात. सकाळीच हेमेंद्रने मोहितजींना फोन करून ठेवला होता, “शाम को दोनों वापस चाहिए, और हाँ, खाली करके देना.” रिकामे करून. हे मला नंतर कळलं.

तेवढ्यात दिनकरराव वर आले. त्यांची एक पद्धत आहे, हुकूम ते हिंदीत देतात, पण काळजी वाटली की मराठीवर येतात, समोर कोणी का असेना. मोहितजी कडेला उभे राहून, टॅब्लेट डोक्याच्या वर धरून पूर्ण स्लॅबचा फोटो घेत होते. दिनकरराव घाबरून ओरडले, “अरे मोहित, खाली कर तो.”

मोहितजी म्हणाले, “अभी, सर?”

“आत्ताच. पडेल ना.”

आता बघा, मराठीत ‘पडेल ना’ म्हणजे हातातून सुटेल. मोहितजींनी ऐकलं, ‘पड़ेगा ना’. करना तो पड़ेगा ना. त्यांनी खातरजमाही केली बिचाऱ्यांनी, “पूरा खाली?”

“हो हो, पूर्ण.”

मी दहा फुटांवर टेप धरून बसले होते. सगळं ऐकलं. मला त्यात काहीही वावगं वाटलं नाही, कारण मी मराठीत ऐकत होते.

त्या बिचाऱ्या यंत्राने दोनदा विचारलं, खरंच पुसायचं? मोहितजींनी दोनदा सांगितलं, हाँ. पाणी सोसलं, धूळ सोसली, खडी सोसली, आणि दोन भल्या माणसांच्या एका ‘खाली’ने त्रेसष्ट मापं पुसून बसलं. एका भाषेवरून घसरून दुसऱ्या भाषेवर पडला तर काय, याची चाचणी माहितीपत्रकात नव्हती.

दिनकररावांनी घड्याळ पाहिलं. “सकाळी मोजलंस ना तू? सगळं ठीक होतं ना? मग दोनला गाडी येऊ दे.”

आणि तुम्हाला सांगते, त्या क्षणी मी विचारलं नाही. सरळ सांगितलं, “गाडी चारला बोलवा, सर. मी पुन्हा मोजणार आहे.” बोलून झाल्यावर मला नकाशांच्या घड्या दिसू लागल्या. दिनकररावांनी काँक्रीटच्या प्लँटला फोन लावला.

मोहितजी टेप धरणार, मी टिपणार, त्याच जाड्यात. तो रिकामा असला तरी ठणठणीत होता. एक, दोन, तीन… एकेचाळीसावर मोहितजी थांबले. “मंजिरी जी, ये तो दो सौ है.” सकाळी तिथे दीडशे मिलिमीटर होतं, मला नक्की आठवत होतं. मधल्या वेळात कुणाचा तरी पाय पडून सळई सरकली होती. पुन्हा मोजलं नसतं तर ती तशीच, कायमची, मुलींच्या खोल्यांच्या डोक्यावर. दिनकरराव वाकले, त्यांनी स्वतः बोटाने अंतर चाचपलं, बराच वेळ. मग म्हणाले, “जाड्याच घे. आणि पुढची साइट सांभाळ.”

खरेदीला दिनकररावही दुकानात आले होते. हेमेंद्रने विचारलं, “मैडम, इसमें भाषा कौन-सी डालूँ?” मराठी ठेवली तर मोहितजी अडणार, हिंदी ठेवली तर दिनकरराव. मी दिनकररावांकडे पाहिलं. ते म्हणाले, “इंग्रजी.”

“पण सर, मोहितजींना इंग्रजी…”

“माहीत आहे. मलाही बेताचीच येते. ज्याला अर्थ कळत नाही, तो दाबायच्या आधी विचारतो.”

विचारतात हो. मला विचारतात. मी नव्या साइटवर, जाड्या अजून जुन्या साइटवर मोहितजींकडे. काल दुपारी वरणभाताचा पहिला घास हातात, आणि फोन. “मंजिरी जी, इस पर ओके लिखा है.”

मी म्हटलं, फिर?

“दबा दूँ?”

दबा दो.

भात गार होतोय.

“मंजिरी जी… अब फिर से ओके लिखा है.”