स्लॅबखालची दुपारची झोप

…न्हाई पण मी काय म्हणतो, माणसानं तीन मजले स्लॅब टाकावा, बाहेरून पिस्ता रंग मारावा, जिन्याला चकचकीत स्टीलचं रेलिंग लावावं, खोली-खोलीत कोचिंगची पोरं भाड्यानं ठेवावीत, अन् मालकानं सोता कुठं झोपावं? मागच्या अंगणात! पत्र्याच्या खोलीत! तेही लातूरच्या उन्हाळ्यात! अहो, दुपारी त्या पत्र्यावर पापड टाका, भाजलेला खाली घ्या! तुम्हाला सांगतो, कुणी बाप पोराला घेऊन खोली बघायला आला की पत्र्यातून आमचे शेषेराव बनियनवर बाहेर निघायचे, अन् तो बाप हमखास विचारायचा, "का हो वॉचमन, मालक कुठंयत?" हे छाती पुढं काढून म्हणायचे, "मीच मालक." "मग इथं कामून राहता?" की लगेच आवाज बारीक करून, डोळ्यानं आतल्या खोलीकडं दाखवून… "काय करता? मंडळी भेतात."

मंडळी म्हणजे धुरपताबाई. त्यांच्या घरातून. अन् भेतात म्हणजे भूकंपाला.

आता ह्याच्यावर हसायचं न्हाई, बरं का. त्र्याण्णव साल. ह्यांचं गाव औशाच्या पुढं, किल्लारीच्या पट्ट्यात. गणपती पाण्यात शिरवून लोक उशिरा झोपलेले. शेषेराव मंडळाच्या पोरांसंग शाळेच्या मैदानात पडलेले, अन् धुरपताबाई घरात, दगडमातीच्या माळवदाखाली. पुढचं तुम्हाला ठाऊक हाय. शेषेरावांनी दोन हातांनी दगडं उपसून बायको जिती बाहेर काढली. ह्या एका गोष्टीवर त्या माणसाचं तोंड कधी उघडलं न्हाई. एरवी मात्र… एरवी बंद होत न्हाई!

कारण गडी मोटार रिवायंडिंगवाला. पाण्यातली मोटार म्हणा, कूलर म्हणा, पिठाची गिरणी म्हणा, लातुरात बंद पडलं की शेषेरावांच्या दुकानात. एकदा एका लग्नात फिरतं स्टेज अडकलं, नवरा-नवरीसकट, अर्धं तोंड मंडपाकडं अन् अर्धं स्वयंपाकाकडं! शेषेराव जेवत्या पानावरून उठले, खाली घुसले, एक लाथ घातली की स्टेज सुरू. मांडववाला सांगाय गेला, "काका, तिथं ग्रीस…" तर हे तिथूनच वरडले, "फिरणारी वस्तू मला शिकवू नका!" हे त्यांचं पालुपद. गल्लीतल्या लहान लेकरांना पाढे येत न्हाईत, पण हे येतंय.

तर ह्या उन्हाळ्यात काय झालं, भाकरी थापता थापता धुरपताबाई चक्कर येऊन भुईवर आल्या. दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं. डॉक्टर शेषेरावांना बाजूला घेऊन म्हणले, "ह्यांना त्या पत्र्यातून काढा. पुन्हा असं झालं तर मी जबाबदार न्हाई." तुम्हाला सांगतो, मी शेजारचाच, सोबत होतो, माणसाचं तोंड राखेसारखं झालं. पण दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत गडी पुन्हा जाग्यावर! "तिला स्लॅबखाली झोपवणं माझ्याकडं लागलं. पहिले दुपारची झोप, मंग रातची. सवय लावायची. मशीनला कसं, एकदम फुल स्पीड द्यायचा न्हाई."

खालची एक खोली रिकामी होती. धुऊनपुसून काढली. कूलर लावला. बाज टाकली. अन् सगळ्यात आधी तिथं काय गेलं असंल? पेले! आता पेल्यांचं सांगायचं राहिलंच. भूकंप झाल्यापासून शेषेरावांनी फळीवर स्टीलच्या पेल्यांची चळत लावून ठेवलेली, पेल्यावर पेला, वर एक उलटी वाटी. जमीन जराशी हलली की पेले किणकिणणार, अन् किणकिणले की पळायचं! ही त्यांची वेधशाळा. कुणी विचारलं की, "माझं काय न्हाई, मंडळींसाठी ठेवलंय."

धुरपताबाईंना विचारलं, "येताव का तिकडं झोपाय?" त्या लुगड्याचा पदर झाडत म्हणल्या, "चला की." एवढंच! न्हाई रडल्या, न्हाई हटून बसल्या. शेषेराव मला डोळा मारून म्हणतात, "बगितलं का? कसं पटवलं!"

आयतवारची दुपार. धुरपताबाई बाजेवर आडव्या झाल्या. शेषेराव दारात खुर्ची टाकून, एक पाय उंबऱ्याच्या बाहेर काढून, पहाऱ्यावर. कूलरची गार हवा. बाईंचा डोळा लागतोय, लागतोय… अन् फळीवर पेले बोलले! किण… किण… किण्ण्ण्ण्ण!

"पळाऽऽ! भूकंप! भूकंप!"

अहो काय तो आवाज! बाईंना दंडाला धरून वढत रस्त्यावर. वरून धडाधडा कोचिंगची पोरं. एकाच्या हातात केमिस्ट्री, एकाच्या तोंडात ब्रश, एक तर डोक्याला साबण लावून टावेलावर! समोरच्या घरची माणसं, पलीकडच्या मेसमधल्या बाया, हातात लाटणं. मी पण, खोटं कामून बोलू, पायातली चप्पल सोडून पळालो. सगळे रस्त्याच्या मधोमध उभे, स्लॅबकडं माना करून. आता पडतोय… मंग पडतोय… अन् स्लॅब आपला मजेत उभा! पण आत खोलीत पेले वाजायलेतच. किण्ण्ण्ण. हा कसला भूकंप हो, एकाच फळीला धरून बसलेला?

तेवढ्यात एक पोरगं म्हणलं, "अरे, आपले सर कुठंयत?"

सर म्हणजे व्यंकटी सर. मूळचे बिलोलीकडचे. फिजिक्स शिकवतात. शेषेरावांच्या त्या खोलीला लागूनच ह्यांची खोली, भिंत एकच. लई कडक माणूस. क्लासमध्ये ह्यांनी पोरांकडून शपथच घेतलेली: "मोबाईल? बंद! क्रिकेट? बंद! खेळणं? ते निकाल लागल्यावर!" पोरं ह्यांना बघून जिन्यात भिंतीला चिकटून चालतात. सर आत अडकले म्हणून सगळे दारावर तुटून पडले. दार वाजवलं, वरडले, शेवटी कडी उचकटून आत घुसले, तर…

सर आहेत लुंगीवर. कानाला हे एवढाले हेडफोन. हातात तो गेमचा कंट्रोलर. समोर टीव्हीवर क्रिकेट. अन् लोखंडी कपाटावर, भिंतीला टेकून, गेमचा तो काळा डबा, रिकामी गिरणी फिरावी तसा घर्रर्रर्र करायलाय! डबा हलवतो कपाटाला, कपाट हलवतंय भिंतीला, अन् भिंत हलवती पलीकडच्या पेल्यांना!

सरांनी मागं वळून बघितलं. दारात पंधरा-वीस पोरं. साबणवाला पुढं. मंग तो साबणवालाच लई अदबीनं म्हणला, "सर… किती बॉलला किती पाहिजेत?"

तिकडं शेषेरावांना सरांच्या इज्जतीचं काही पडलेलं न्हाई. त्यांनी मागं बघितलं तर धुरपताबाई उशी बगलेत मारून पत्र्याच्या खोलीकडं निघालेल्या. "अगं, भूकंप न्हाई! डबा हाय डबा!" त्या म्हणल्या, "हाव. पण माझा दंड दुखायलाय, तुमी वढलाव म्हणून. तिथं निवांत पडते जरा." झालं! शेषेरावांनी ऐकलं काय, तर मंडळी पुन्हा भ्याल्या. अन् डोक्यात डॉक्टरांचं ते वाक्य. तरातरा सरांकडं आले. "सर, हा डबा आज शांत झालाच पाहिजे. माझ्या बायकोच्या जिवाचा प्रश्न हाय."

सर आधीच मेल्याहून मेल्यासारखे. म्हणले, "काका, आत फॅन असतो गार करायला. त्याच्यात धूळ गेलीय. मी व्हिडिओ बघितलाय, साफ करता येतो, पण जरा जपून…"

"फिरणारी वस्तू मला शिकवू नका!"

दुकानात टेबलावर डबा उघडला. तुम्हाला सांगतो, आतून जी धूळ निघाली! रस्त्याचं रुंदीकरण, शेजारच्या प्लॉटचं बांधकाम, सगळं त्या एवढ्याशा डब्यात जमा! फॅनच्या पात्यांवर गोधडीच पांघरलेली. शेषेराव खुश. "ह्याला काय लागतंय? दगडोबाच्या दुकानातून हवेचा पाइप आणा." दगडोबाचं बाजूला पंक्चरचं दुकान. ट्रकच्या टायरात हवा भरायचा पाइप! सर धावत मधी आले, "काका, काका! हवा मारताना फॅन काडीनं धरून ठेवायचा. फिरू द्यायचा न्हाई!"

"काय? फॅन… फिरू द्यायचा न्हाई?" शेषेराव असे हसले, असे हसले, की डोळ्यात पाणी. "सर, न फिरणारा फॅन कुण्या कॉलेजात शिकलाव? आँ? फिरणारी वस्तू मला शिकवू नका!"

अन् सोडली हवा! भुर्रर्र… सुंईंईंई… काय तो वेग, काय तो आवाज, धूळ सगळी दगडोबाच्या चहात… अन् टक्! एक पातं तुटून उडालं, माझ्या कानाजवळून गेलं, समोरच्या कॅलेंडरात घुसलं! सरांनी डोळे मिटलेले. शेषेराव पाइप बाजूला ठेवत म्हणतात, "मालच हलका टाकलाय कंपनीनं."

सरांनी नवा फॅन मागवला, येईल तेव्हा येईल. डबा आपला दुकानात टेबलावर, पोट उघडं टाकून. पण शेषेराव हरणारा गडी न्हाई! पुडीत ती धूळ बांधली, तुटकं पातं घेतलं अन् गेले धुरपताबाईंकडं. "हे बग. हा तुझा भूकंप! मूठभर धूळ! आता पेले वाजले तरी उठायचं न्हाई. समजायचं, सरांचा फॅन." बाईंनी पातं हातात घेऊन बघितलं, हसल्या. "बरं. सरांचा फॅन."

अन् दुसऱ्या दिवशी दुपारी गेल्या पुन्हा स्लॅबखाली. कूलर सुरू. शेषेराव दारात, एक पाय बाहेर. पाच मिनटात बाईंचा डोळा लागला. अन् पेले… किण. किण. किण्ण्ण्ण!

धुरपताबाईंनी डोळेसुद्धा उघडले न्हाईत. कुशीवर वळल्या अन् झोपेतच म्हणल्या, "सरांचा फॅन असंल."

आता शेषेरावांचा विचार करा! सरांचा फॅन कुठंय? दुकानात! मोडका! पातं कुठंय? खिशात! मग पेले कशानं वाजायलेत? उठवावं तर बाई पुन्हा पत्र्यात, अन् पत्र्यात म्हणजे डॉक्टर जबाबदार न्हाईत. न उठवावं तर वर स्लॅब! माणूस दोन पावलं बाहेर गेला, दोन पावलं आत आला. शेवटी राहवलं न्हाई, गेला अन् बाईंचा हात गच्च धरला.

"कामून हात धरलाव?"

"पेले…"

"फॅन हाय म्हणलाव ना?"

"फॅन दुकानात हाय, धुरपता. ऊठ."

बाईंनी जरा कान दिला. म्हणल्या, "मंग बोअरची गाडी असंल. मागच्या प्लॉटात सकाळपासनं उभी हाय की." अन् खरंच, गाडीच होती! खिडकीतून दिसत होती, घर्रर्र करत, धुरळा उडवत. पण शेषेराव हात सोडंनात. अन् तो हात, मी दारातून बघायलो, तुम्हाला सांगतो, पेल्यांच्या वरताण थरथरायला होता.

मग धुरपताबाई उठून बसल्या. आवाज न चढवता म्हणल्या, "मी कदी म्हणले का हो, मला भ्या वाटतंय? तुमीच सगळ्या गल्लीला सांगत फिरलाव, मंडळी भेतात, मंडळी भेतात. मी म्हणलं, म्हणू द्या. त्या राती मी तर दगडाखाली व्हते. मला निस्ता अंधार. उजेडात बगितलं ते तुमी."

जिंदगीत पहिल्यांदा त्या माणसाला पालुपद सुचलं न्हाई. मला लई वाईट वाटलं हो. इतकी वर्षं हसलो आपण त्यांच्या पत्र्याला.

बाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला, थोपटला, अन् म्हणल्या, "जावा. पत्र्यात पडा जरा. पेले पण घेऊन जावा. मी हाय इथं."

आता काय, नवा फॅन आला. सरांनी सोताच बसवला. डबा इतका शांत झाला की सर दारात चौकीला पोरगं बसवून खेळतात. धुरपताबाई स्लॅबखाली, कूलरपुढं, दुपारची बी झोप अन् रातची बी. तब्येत अशी सुधारली की डॉक्टर चकित. अन् शेषेराव? मागं. पत्र्यात. दोन कूलर लावलेत, फळीवर पेले. दुकानात मात्र छाती तशीच पुढं!

परवा मुरुडहून एक जण पोरीसाठी खोली बघाय आला. पत्र्यातून हे बनियनवर बाहेर. "वॉचमन, मालक कुठंयत?" "मीच मालक." "मग तुमी इथं, अन् मालकीणबाई तिकडं स्लॅबखाली? असं कामून?" मी कान टवकारले. आता काय सांगतो गडी? शेषेरावांनी स्लॅबकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, एक लांब श्वास सोडला…

"काय करता? मंडळी घोरतात. अन् घोरणं काय फिरणारी वस्तू हाय का, दुरुस्त करायला?"