थाळीतला आरसा

भिंतीवरचं ते चित्र रंजितानं काढलेलं होतं. आर्णीतल्या दातांच्या दवाखान्यात ती पेशंटचे नंबर लावायची, आणि भंगाराच्या दुकानातून आणलेले मोटारसायकलचे भाग पितळी थाळीत फळांसारखे मांडून तिनं ते रंगवलं होतं. केळीच्या फणीसारखे ब्रेकचे दांडे, मधोमध पपईसारखा हेडलाइट, कडेला तडकलेला आरसा. बाकावरचे नवरा-बायको ते पाहून हसतील, असं तिला वाटलं होतं.

"अवं सुरेखा, हा आरसा आपल्या गाडीचा हाय."

"चोरीले गेली त्या गाडीचा?"

"हाव ना! तडा पाह्य. बैलानं शिंग मारलं होतं."

"तडा कोनत्याबी आरशाले जाते."

"अन् दांडीले निळी तार? म्याच गुंडाळली, या हातानं. चित्र काढनाराच चोर हाय."

"पक्कं?"

"शंभर टक्के! पोलिसाईसमोर शपथ घेतो."

"मंग आरशावरची टिकली कोनाची?"

"कोनती टिकली?"

"ते लाल, खड्याची. म्या तं कुकवाबिगर काही लावलंच नाई."

"तसं पाह्यलं तं... आरसा दुसऱ्याचाबी असू शकते."

"निळ्या तारीचा?"

"अवं, चित्रवाल्यानं मनानंच काढली असन! ओ बाई, कोनं काढलं हे? बलावा त्याले, तो सांगन खरं."

रंजितानं तोंड उघडलं.

"राहू द्या, बाई," सुरेखा म्हणाली. "चोराची साक्ष मले नाई पायजे."