दुसऱ्याच्या ओळखपत्रावर

— वहिनी, हातातलं काम टाका. तुमचा प्रोग्रॅम म्हणतो बालरुग्णालयानं रक्त मागवलं, आणि तिथली सिस्टर म्हणते आम्ही मागवलंच नाही. आमची गाडी त्यांच्या दारात उभी आहे.

— कुठला गट, भावजी?

— ओ निगेटिव्ह. रक्तपेढीत दोनच पिशव्या होत्या, दोन्ही गाडीत.

— थांबा, बघते.

— लवकर. माझ्या तोंडचं पाणी पळालंय.

— मागणी प्रसूतिगृहाची आहे. बाळंतिणीसाठी, तातडीची.

— माझ्या पडद्यावर मागणीसोबतचं ओळखीचं सर्टिफिकेट बालरुग्णालयाचं आहे.

— ते चुकीचं आहे. मूळ मागणी माझ्यासमोर आहे. गाडी वळवा.

— वळवतो, धरा... ड्रायव्हर निघाला. पार दुसऱ्या टोकाला जायचंय त्याला. झालं काय हे?

— सगळ्या रुग्णालयांच्या मागण्या एकच क्लायंट, म्हणजे प्रोग्रॅममधला निरोप्या, तुमच्याकडे आणतो. दर खेपेला त्याच्या गळ्यात त्या त्या रुग्णालयाचं सर्टिफिकेट अडकवायचं, असं मी लिहिलं. पण आधीच्या खेपेचं दार, म्हणजे तुमच्याशी झालेली जोडणी, उघडं असलं, की तो नवं सर्टिफिकेट न दाखवता तसाच आत शिरतो. तुम्ही त्याला जुन्याच नावानं ओळखता.

— मग रीस्टार्ट मारा की.

— थोडा वेळ नीट चालेल, मग पुन्हा तेच. प्रत्येक सर्टिफिकेटला वेगळा क्लायंट हवा. चाचणीत मी एका वेळी एकच रुग्णालय घेतलं, म्हणून कळलं नाही. तो बदल होईपर्यंत सगळं बंद ठेवते.

— सगळं? साहेब डोक्यावर बसतील. प्रत्येक मागणी फोनवर घ्यायची?

— हो.

— वहिनी, दादाची नोकरी गेलीय. घर तुमच्यावर चाललंय. गाडी वळली, प्रश्न मिटला. मी कुणाजवळ ब्र काढणार नाही.

— प्रश्न कुठे मिटलाय? ती बाई अजून वाट बघतेय. उद्या दुसरी कुणी असेल. मला भीती वाटतेय भावजी, पण साहेबांना मीच सांगते.

— दादाला काय सांगाल?

— हेच. बंद केलं बघा.

(बऱ्याच वेळानं पुन्हा फोन.)

— वहिनी, पिशव्या पोचल्या. रक्त चढवायला घेतलंय. बाई शुद्धीवर आहे म्हणाले.

— बरं झालं.

— साहेब काय म्हणाले?

— उद्या बोलावलंय. तुमचा दुसरा फोन वाजतोय, तो घ्या आधी.

— हॅलो, रक्तपेढी. हो, मिळेल. पण आधी सांगा, कुठून बोलताय?