शून्य मिलिमीटर

न्हाई न्हाई, त्या खुर्चीवर नका बसू, तिचा पाय गेलाय — हां, इथं बसा, पोत्यावर. तर काय म्हणत व्हता? आपत्तींचा इतिहास? अवसरीच्या कालेजातनं एवढं लांब पठारावर आलात, ते आमच्यावर काय काय कोसळलं त्याची यादी करायला? करा की! आमच्या वाडीत दुसरं हाये काय? आन माणूस बी बरोबर गाठलंत. आमचे मालक, कुंडलिक, कोतवाल व्हते इथले. पाऊस मोजायचं डबडं आमच्याच अंगणात व्हतं. रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी काचंच्या मापात वतायचं, आकडा बघायचा, वहीत घालायचा, तालुक्याला कळवायचा. पंचवीस वर्षं केलं त्यांनी. आता त्यांना जाऊन तीन वर्षं झाली, पर वह्या हायेत. बघा निवांत. मी सांगते तेवढं लिव्हा.

आधी बहात्तरचा दुष्काळ लिव्हा. मी तवा पंधराची. दिवसभर खडी फोडायची आन सुकडी खायची. पुढारी यायचे, म्हणायचे, धीर धरा — धीर धरून धरून खडीचा डोंगर झाला, रस्ता काय झाला न्हाई. मग भूकंप. म्हणजे काय, फळीवरची भांडी वाजली. आमचे हे पडल्या पडल्या म्हणाले, साळू, कशाला आदळाआपट करतीस? मी तर वसरीला दळण निवडत व्हते! रेडिओनं सांगितलं तवा कुठं त्यांना पटलं. वीज? पडली ना. कुठं? देवळाच्या कळसावर. एवढा उघडा माळ पडलाय, पर देवाला सोताचंच घर सापडलं. गुरव म्हणाला, गावावरचं देवानं अंगावर घेतलं. मी म्हणलं, मग कळसाची वर्गणी बी त्यालाच मागा. आन करोनाच्या साली ते वादळ आलं — टीव्हीवाला मुंबईत उभा राहून वरडत व्हता आन पत्रे आमचे उडत व्हते. माझ्या धाकट्याच्या, भरतच्या पॉलीहाऊसचा कागद उडून बाभळीवर जाऊन बसला. येणारंजाणारं इचारायचं, लगीन कुणाचं हाये म्हणून.

गारपीट राहिली बघा. ती नीट लिव्हा. लिंबाएवढ्या गारा! गहू झोपला, कोंबड्या मेल्या, आन त्या डबड्याचं नरसाळं चेपलं, आतली बाटली फुटली. मग साहेब आला. गव्हाचं इचारलं न्हाई, कोंबड्यांचं इचारलं न्हाई — चेपलेलं नरसाळं हातात घेऊन मालकांना म्हणतो कसा, कोतवाल, सरकारी वस्तू हाये, पोटच्या पोरासारखी जपायची. आता मला सांगा, पोटचं पोर पावसात कोण ठेवतं? तवापासनं आभाळ काळं झालं, वारं सुटलं, की मी पळत जायची, नरसाळं आन बाटली काढून आत आणायची, गोधडीत गुंडाळून कॉटखाली ठेवायची. पाऊस थांबला की परत लावायची. हसता काय? बारीक पाऊस अगदी चोख मोजलाय आमी! मोठा तेवढा मोजायचा राहिला.

काय म्हणलात? वहीत चाळीस मिलिमीटरच्या वर पाऊस कवाच न्हाई — म्हणून ओढ्याकाठची जागा नव्या अंगणवाडीला चालंल? असं तुमी लिहून देणार? थांबा, थांबा राव. भरतची आरोही तिथंच जाणार हाये. तीन वर्षांची बी न्हाई अजून. कुठलं पान हाये तुमच्या हातात? — हां. ते. शून्य हाये ना तिथं? शून्यच हाये. दुसरं पान बघा की एखादं.

न्हाई, राहू द्या. तेच बघा. पंधरा वर्षं झाली त्याला. दुपारी चारला आभाळ फाटलं. मी आपली बाटली उचलून आत. दिवस मावळंपर्यंत नुसता धो धो. ओढा पात्र सोडून आला, आन यमाजीचा मेंढरांचा वाडा तिथंच, तुमी म्हणता त्याच जागंवर. बावन्न मेंढरं गेली. यमाजी जांभळीवर चढला म्हणून तेवढा वाचला. सकाळी मालक वही घेऊन बसले, तर बाटली खडखडीत. मी म्हणलं, घाला की अंदाजानं दीडशे. तर म्हणाले, बाटलीत न्हाई ते वहीत न्हाई. लई सरळ माणूस! त्या सरळपणात शून्य घातलं. मग म्हणाले, तालुक्याला जाऊन खरं काय ते सांगून येतो — तवा मी पाय धरले. नोकरी जाईल, गप बसा म्हणलं. बसले गप.

पंचनाम्याला साहेब आला, यमाजीला म्हणाला, पाऊसच न्हाई तर मेंढरं वाहिली कशात? आन आमचं गाव! धोतरं दोरीवर निथळत व्हती, तरी म्हणायला लागलं, वहीत शून्य हाये म्हणजे भुरभुरच झाली असंल. यमाजीनं मेंढरं चाकणच्या बाजारात इकली आन पुराच्या नावावर घातली — झालं, सगळ्यांच्या तोंडी तेच. कुणी उठवलं? उठवलं असंल कुणीतरी, गावाच्या तोंडाला कोण हात लावतंय... मी उठवलं. नळावर. सहज बोलून गेले, बाया हसल्या, आन मला बरं वाटलं — आता आपल्या बाटलीकडं कोण बघणार न्हाई म्हणून. यमाजीनं मेंढरं पाळायचं सोडलं ते सोडलंच. पोल्ट्रीवर राखणीला जातो आता. वाटंत भेटला की म्हणतो, साळुबाई, बरी हायेस ना? पंधरा वर्षांत एक शिवी न्हाई. मालक गेले तवा खांद्याला पयला तोच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वही न्या. पर त्या शून्यावर काट मारा आन म्होरं लिव्हा — बाटली साळुबाईच्या कॉटखाली व्हती. लिव्हलं? दाखवा. हां. आन पाणी कुठवर येतं ते वहीला नका इचारू, यमाजीला इचारा, त्यानं जांभळीवरनं बघितलंय. पल्याड निळ्या पत्र्याचं घर. मी येत न्हाई. कुणी पाठवलं म्हणला, तर म्हणा गावातल्या एका बाईनं — न्हाई. माझं नाव सांगा. बाटलीचं सांगा, नळावरचं बी सांगा. मी गेले तर तो जाऊ दे साळुबाई म्हणंल, आन मला तेच नकोय. तुमच्या म्होरं तरी त्याला शिवी देता यील. चहा? चहा तिकडंच प्या. जा आता. उठा म्हणते ना!