डोकं न उघडता

...आन वर मलाच म्हनतात, काका, तुमी हललात! अवो, हलनार नाय तर काय करनार? तुमाला सांगतो, करंज्याच्या बंदरावर तीस वरसं बोटींची इंजिनं दुरुस्त करतोय मी. खोलायच्या आधी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला, की समजलं कुटं बिघडलंय. आता डोक्यात गाठ निघाली म्हनून पनवेलला त्या एमआरायच्या नळकांड्यात घातला मला, तर आत नुसतं ठकठकठक, घर्रर्र... आन मदीच एक ठोका चुकला. मी मान वळवून वरडलो, "अवो सायेब, मशिन बंद करा, ठोका गळतोय, बसंल नायतर!" झालं. फोटो हलला. परत पाऊन तास आत. भायेर आल्यावर जनी, माजी बायको, म्हनते, "अवो, इथं तरी मेस्तरीपना बाजूला ठेवा."

आन हे सगळं कशासाटी? तर म्हने डोकं न उघडता कॉम्प्युटर सांगनार, गाठ साधी का वाईट. साधी असली तर काढायची न् परत बंदरावर. वाईट असली तर वरीस, फार तर दीड वरीस. जनी दोन दिवस जेवली नाय. मलापन भ्या वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

डॉक्टरीनबाई अनुया मॅडम, माज्या मुलीच्या वयाच्या. म्हनतात, "काका, कॉम्प्युटरच्या मते गाठ वाईट असण्याची शक्यता जास्त आहे. शंभरात ब्याऐंशी." डोकं न उघडता बोलला बरं का! मी इचारलं, एवडं शिकला कुटं हा? तर, "आधीच्या दोनशे पेशंटचे फोटो त्याला दाखवले, काका, आणि ऑपरेशनमध्ये काय निघालं तेही सांगितलं. त्यावरून शिकला." म्हटलं, मंग ती मानसं आता कशी हायत? बाई पेनाचं टोपन लावत बसल्या. काढायचं, परत लावायचं.

तसा मीपन असाच शिकलो. पयली धा इंजिनं माज्या हातानं मेली, तवा कान तयार झाला. पन ती इंजिनं होती हो.

म्हटलं, डोकं न उघडता समजलं ना, मंग सोडा घरी. तर, "नाही काका, गाठ काढावीच लागेल. शिवाय कॉम्प्युटर अजून शिकतोय, त्याचं बरोबर आलं का, तेही तेव्हाच कळेल." म्हंजे न उघडता सांगितलेलं खरं का खोटं, ते उघडून बगनार. ऐकताय ना? माज्या डोक्यावर त्याची परीक्षा!

केली सही. करनार काय... सोमवारी ऑपरेशन हाय. तुमाला सांगतो, पोरांच्या धावीला, बारावीला जनी दरवेळी एकविरेला कोंबडा बोलायची, पास होऊ दे म्हनून. काल परत हात जोडून बसली. म्हटलं, आता काय मागतेस? तर म्हनाली, "आईला सांगितलंय, कॉम्प्युटर नापास होऊ दे, दोन कोंबडे देते."